निर्णय, ऱ्हास आणि कथन : लीड्स युनायटेड क्लबचा इतिहास (१९७४–२००७)

१

संस्थेचा ऱ्हास ही इतिहासाची सामग्री असते, तशीच ती कथनाचीही सामग्री असते. ऱ्हास कोठून सुरू झाला हे एकदा ठरले, की त्याचा दोष कोणाकडे जातो हेही बहुतांशी ठरून जाते. राज्ये, घराणी आणि पेढ्या यांच्या ऱ्हासकथांचा विचार साहित्याच्या अभ्यासकांनी वेळोवेळी केला आहे. क्रीडासंस्थांच्या ऱ्हासकथांकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले. वस्तुतः विसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये फुटबॉल क्लब ही केवळ करमणुकीची संस्था नव्हती. गिरणी, खाण आणि प्रार्थनामंदिर यांच्या बरोबरीने औद्योगिक शहराचे सामूहिक जीवन तिच्याभोवती बांधले गेले होते. गिरण्या आणि खाणी बंद पडल्यानंतरही ती टिकून राहिली. त्यामुळे क्लबच्या उतरणीची कथा ही पुष्कळदा शहराच्या उतरणीची कथा म्हणून वाचली गेली.

यॉर्कशर परगण्यातील लीड्स हे लोकर आणि तयार कपड्यांच्या धंद्यावर वाढलेले शहर. तेथील लीड्स युनायटेड या क्लबचा इतिहास अशा अभ्यासाला विशेष अनुकूल आहे. या क्लबने एका शतकात दोनदा शिखर गाठले आणि दोन्ही वेळा तो खाली आला. दोन्ही प्रसंगी संचालक मंडळाचे काही निश्चित निर्णय दाखवून देता येतात. शिवाय या उतरणीभोवती कादंबरी, आत्मकथन, कविता आणि ताळेबंद असे परस्परांहून भिन्न प्रकारचे लेखन उपलब्ध आहे. नेतृत्वाच्या चुकीच्या निर्णयांमुळे क्लब कसा खालावतो आणि ती प्रक्रिया वेगवेगळ्या लेखनप्रकारांत कशी मांडली जाते, या दोन प्रश्नांचा प्रस्तुत निबंधात एकत्रित विचार केला आहे.

२

या क्लबचा जन्मच एका हिशेबाच्या वहीच्या प्रकरणातून झाला. १९०४ साली स्थापन झालेल्या लीड्स सिटी या पूर्वीच्या क्लबवर पहिल्या महायुद्धाच्या काळात खेळाडूंना नियमबाह्य पैसे दिल्याचा आरोप आला. चौकशीसाठी वह्या सादर करण्यास संचालकांनी नकार दिला. ऑक्टोबर १९१९ मध्ये, हंगाम चालू असतानाच, फुटबॉल लीगने त्या क्लबला बाहेर काढले. त्याच्या खेळाडूंचा शहरातील मेट्रोपोल हॉटेलात जाहीर लिलाव झाला. त्यानंतर त्याच वर्षी लीड्स युनायटेडची स्थापना झाली आणि १९२० मध्ये त्याला लीगमध्ये प्रवेश मिळाला. मूठभर संचालकांच्या निर्णयाची किंमत संपूर्ण क्लबला आणि त्याच्या प्रेक्षकांना मोजावी लागली, ही घटना या इतिहासाच्या आरंभीच नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

पुढील चार दशके क्लबची कामगिरी सामान्य राहिली. मार्च १९६१ मध्ये डॉन रेव्ही यांच्याकडे व्यवस्थापकपद आले तेव्हा क्लब दुसऱ्या श्रेणीत चाचपडत होता. इंग्लिश फुटबॉलमध्ये व्यवस्थापक म्हणजे संघ निवडणारा, घडवणारा आणि खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची दिशा ठरवणारा अधिकारी. त्याची नेमणूक आणि त्याला दूर करणे हे मात्र संचालक मंडळाच्या हाती असते. रेव्ही यांनी क्लबचा पोशाख संपूर्ण पांढरा केला. त्यामागे स्पेनच्या रेआल माद्रिदचा आदर्श होता. १९६४ मध्ये क्लब पहिल्या श्रेणीत आला. त्यानंतर १९६८-६९ आणि १९७३-७४ अशी दोन लीग विजेतेपदे, १९७२ चा एफ. ए. चषक आणि युरोपीय पातळीवरील इंटर-सिटीज फेअर्स चषक १९६८ व १९७१ मध्ये, असे यश त्याने मिळवले. १९७३-७४ च्या हंगामातील पहिल्या २९ लीग सामन्यांत संघ अपराजित राहिला होता.

या यशाचा पाया तेरा वर्षांच्या सलग व्यवस्थापनात होता. लहान वयात क्लबमध्ये आलेली मुले रेव्ही यांच्या हाताखाली एकत्र वाढली. त्यामुळे संघाला कुटुंबाचे स्वरूप आले. परंतु या रचनेतच एक अडचण दडलेली होती. एकत्र वाढलेला संघ एकत्रच वयस्क होतो. १९७४ मध्ये कर्णधार बिली ब्रेम्नर एकतिशीत, तर जॉनी जाइल्स तेहतिशीत होते. जुलै १९७४ मध्ये रेव्ही इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचे व्यवस्थापक झाले. तेव्हा संचालक मंडळासमोर दोन कामे एकाच वेळी येऊन उभी राहिली. एक, उत्तराधिकारी निवडणे. आणि दुसरे, उतारवयाकडे झुकलेल्या संघाची क्रमाक्रमाने पुनर्बांधणी करणे.

३

रेव्ही यांनी उत्तराधिकारी म्हणून जाइल्स यांचे नाव सुचवले होते. अध्यक्ष मॅनी कसिन्स यांच्या मंडळाने ते स्वीकारले नाही. त्यांनी ब्रायन क्लफ यांना नेमले. क्लफ यांनी १९७२ मध्ये डर्बी काउंटीला लीगचे विजेतेपद मिळवून दिले होते, हे त्या नेमणुकीचे समर्थन. परंतु क्लफ हे लीड्सचे सर्वांत बोलके टीकाकारही होते. लीड्सचा खेळ दांडगाईचा आणि अप्रामाणिक आहे, असे ते वृत्तपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून वर्षानुवर्षे सांगत आले होते. ज्या खेळाडूंची त्यांनी निंदा केली, त्याच खेळाडूंचे पुढारपण आता त्यांच्याकडे आले. त्यांचे दीर्घकाळचे सहकारी पीटर टेलर त्यांच्याबरोबर आले नाहीत. ते ब्रायटनलाच राहिले. मंडळाने क्लफ यांची कीर्ती विकत घेतली. ज्या जोडीने ती कमावली होती ती जोडी मात्र त्याला मिळाली नाही.

पहिल्या सहा लीग सामन्यांत एक विजय, दोन बरोबऱ्या आणि तीन पराभव अशी संघाची कामगिरी झाली. खेळाडूंची नाराजी संचालकांच्या कानी पोचली आणि १२ सप्टेंबर १९७४ रोजी, ४४ दिवसांनंतर, क्लफ यांना दूर करण्यात आले. येथे चूक कोणती मानावी, याविषयी दोन मते संभवतात. नेमणूक चुकीची होती असे म्हटले, तर दूर करणे ही दुरुस्ती ठरते. नेमणूक योग्य होती असे म्हटले, तर दूर करणे ही चूक ठरते. प्रत्यक्षात मंडळाचे अपयश या दोन निर्णयांच्या परस्परसंबंधात आहे. जुनी घडी मोडू शकेल असा माणूस मंडळाने आणला. ती घडी मोडू लागताच जे घर्षण अपरिहार्य होते, ते सोसण्याची त्याची तयारी नव्हती. नेमणुकीमागे धोरण असते, तर पहिल्या सहा सामन्यांची अडचण त्या धोरणात आधीच गृहीत धरलेली असती.

या विवेचनाला पुढील इतिहासाने पुष्टी दिली. जानेवारी १९७५ मध्ये क्लफ दुसऱ्या श्रेणीतील नॉटिंगहॅम फॉरेस्ट या क्लबकडे गेले. त्या हंगामात फॉरेस्ट सोळाव्या स्थानी राहिला. पुढील हंगामात तो आठव्या स्थानी आला. टेलर १९७६ मध्ये त्यांना येऊन मिळाले. १९७७ मध्ये फॉरेस्ट पहिल्या श्रेणीत गेला, १९७८ मध्ये लीगचा विजेता ठरला आणि १९७९ व १९८० अशी सलग दोन वर्षे त्याने युरोपियन चषक जिंकला. व्यक्ती तीच होती. तिला लाभलेला अवधी आणि सोबत वेगळी होती. म्हणून क्लफ यांच्या स्वभावातच लीड्समधील अपयशाचे पूर्ण कारण शोधणे ऐतिहासिकदृष्ट्या टिकत नाही.

लीड्सच्या बाबतीत मात्र परिणाम लगेच दिसला नाही, ही गोष्ट अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. जिमी आर्मफील्ड यांच्या व्यवस्थापनाखाली रेव्ही यांनीच घडवलेला संघ मे १९७५ मध्ये युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. पॅरिसमधील त्या सामन्यात बायर्न म्युनिककडून त्याचा २-० असा पराभव झाला. संचिताच्या बळावर मिळालेल्या या यशाने पुनर्बांधणीची निकड झाकली गेली. १९७८ मध्ये जॉक स्टीन आले आणि तेही सुमारे ४४ दिवसांतच स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संघाकडे निघून गेले. त्यांच्यानंतर जिमी अ‍ॅडमसन आणि अ‍ॅलन क्लार्क आले. रेव्ही यांच्या तेरा वर्षांनंतरच्या आठ वर्षांत क्लबने पाच व्यवस्थापक पाहिले. १९८२ मध्ये तो दुसऱ्या श्रेणीत उतरला. निर्णय आणि त्याचे फळ यांत आठ वर्षांचे अंतर पडले. तोपर्यंत निर्णय घेणाऱ्यांना जबाब विचारणे जवळजवळ अशक्य झाले होते.

४

दुसरा उत्कर्ष हॉवर्ड विल्किन्सन यांच्या काळातला. ते ऑक्टोबर १९८८ मध्ये आले. १९९० मध्ये क्लब पहिल्या श्रेणीत परतला आणि १९९१-९२ मध्ये लीगचा विजेता झाला. प्रीमियर लीग सुरू होण्यापूर्वीचा तो अखेरचा विजेता. विल्किन्सन यांनी तरुण खेळाडूंच्या जडणघडणीचीही व्यवस्था लावली. १९९७ मध्ये क्लबच्या युवा संघाने एफ. ए. युवा चषक जिंकला आणि हॅरी क्यूएल, जोनाथन वुडगेट, पॉल रॉबिन्सन यांसारखे खेळाडू त्यातूनच पुढे आले.

याच सुमारास मालकीचे स्वरूप बदलले. १९९६ मध्ये क्लब एका कंपनीकडे गेला आणि त्याचे भाग लंडनच्या शेअरबाजारात आले. १९९७ मध्ये पीटर रिड्सडेल अध्यक्ष झाले. ते लीड्सचेच रहिवासी, लहानपणापासूनचे क्लबचे चाहते आणि किरकोळ विक्रीच्या व्यवसायातील अनुभवी अधिकारी होते. १९९८ मध्ये डेव्हिड ओ'लेअरी व्यवस्थापक झाले. १९९९ मध्ये बीस्कायबी या दूरचित्रवाणी कंपनीने क्लबचे सुमारे ९ टक्के भाग घेतले. १९९९-२००० मध्ये संघ लीगमध्ये तिसरा आला आणि पुढच्या हंगामात चँपियन्स लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचला. तेथे स्पेनच्या वालेन्सियाकडून त्याचा पराभव झाला.

या यशाच्या भरात जे आर्थिक धोरण आखले गेले, त्याची रचना समजून घेणे आवश्यक आहे. चँपियन्स लीगमध्ये खेळणाऱ्या क्लबला दूरचित्रवाणीच्या हक्कांतून आणि तिकिटांतून मोठे उत्पन्न मिळते. ते टिकवायचे तर संघ उत्तम हवा. उत्तम संघासाठी महाग खेळाडू आणि मोठे पगार हवेत. त्यासाठी कर्ज काढावे आणि ते चँपियन्स लीगच्या उत्पन्नातून फेडावे, असे हे चक्र होते. यातील खर्च करारांनी बांधलेला आणि निश्चित होता. उत्पन्न मात्र दर वर्षी नव्याने मैदानावर कमवावे लागणारे, म्हणजे सशर्त होते. नोव्हेंबर २००० मध्ये रिओ फर्डिनंड यांना १ कोटी ८० लाख पौंडांना घेण्यात आले. तो त्या वेळचा ब्रिटिश विक्रम होता. काही खेळाडूंची खरेदी तर भाडेखरेदीशी मिळत्याजुळत्या वित्तव्यवहारांतून झाली.

मे २००१ मध्ये लीड्स लीगमध्ये चौथ्या स्थानी राहिला. त्या वर्षी पहिल्या तीन क्लबांनाच चँपियन्स लीगचे दार उघडे होते. तिसऱ्या क्रमांकाच्या लिव्हरपूलचे ६९ गुण झाले, लीड्सचे ६८. सशर्त उत्पन्नाची अट पूर्ण झाली नाही, हे एका गुणाच्या फरकाने का होईना, येथे स्पष्ट झाले होते. कालक्रमातील यापुढची नोंद सर्वांत महत्त्वाची आहे. भावी प्रेक्षकशुल्काच्या तारणावर ६ कोटी पौंडांचे, पंचवीस वर्षांच्या मुदतीचे कर्ज घेण्यात आले ते त्यानंतर, सप्टेंबर २००१ मध्ये. डर्बीचे सेथ जॉन्सन सुमारे ७० लाख पौंडांना आणि लिव्हरपूलचे रॉबी फाउलर सुमारे १ कोटी १० लाख पौंडांना आले, तेही त्याच शरद ऋतूत. इशारा मिळण्यापूर्वी घेतलेल्या निर्णयाला अंदाज चुकला असे म्हणता येते. इशारा मिळाल्यानंतर दुप्पट जोराने घेतलेल्या निर्णयाला तो शब्द लागू पडत नाही.

१ जानेवारी २००२ रोजी लीड्स लीगच्या तक्त्यात अग्रस्थानी होता. त्यामुळे ही बाजी त्या घटकेला यशस्वीही वाटली असेल. मे २००२ मध्ये मात्र तो पाचवा आला. त्या वर्षी पहिल्या चार क्लबांना प्रवेश होता. सलग दुसऱ्यांदा एका स्थानाने संधी हुकली. जूनमध्ये ओ'लेअरी यांना दूर करण्यात आले. जुलैमध्ये फर्डिनंड सुमारे ३ कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेडकडे गेले. जानेवारी २००३ मध्ये वुडगेट न्यूकॅसलला विकले गेले. फाउलर मँचेस्टर सिटीकडे गेले. परंतु त्यांच्या पगाराचा काही भाग लीड्सच देत राहिला. मार्च २००३ च्या अखेरीस रिड्सडेल यांनी राजीनामा दिला. त्या वर्षी जाहीर झालेला वार्षिक तोटा ४ कोटी ९५ लाख पौंडांचा होता आणि कर्जाचा आकडा ८ कोटी पौंडांच्या घरात गेला होता.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, या अर्थाची टीका त्या काळी सर्वत्र झाली. ती अपुरी आहे. येथे अंथरूणच पुढील पंचवीस वर्षांच्या प्रेक्षकांकडून उसने आणले होते. उधळपट्टीचे प्रतीक म्हणून फर्डिनंड यांच्या खरेदीकडे बोट दाखवले जाते. प्रत्यक्षात ती खरेदी नफ्याची ठरली. नुकसान झाले ते कमी गाजलेल्या खरेद्यांत, दीर्घ मुदतीच्या पगार-करारांत आणि घाईघाईने केलेल्या विक्रीत. २००२ मध्ये आयटीव्ही डिजिटल ही दूरचित्रवाणी कंपनी कोसळली आणि खेळाडूंच्या किमती सर्वत्र उतरल्या. त्याचा फटका लीड्सलाही बसला, हे मान्य करावे लागते. मात्र बाजार चढताच राहील या गृहीतकावर संपूर्ण संस्था उभी करणे हा निर्णय मंडळाचा होता.

५

मे २००४ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली आला. नव्या मालकांनी त्याच वर्षी थॉर्प आर्च येथील सराव-केंद्र आणि एलंड रोडचे मैदान विकून ते भाड्याने घेतले. जानेवारी २००५ मध्ये क्लब केन बेट्स यांच्याकडे गेला. मे २००७ मध्ये तो दिवाळखोरीविषयक कायद्याखाली प्रशासकाच्या ताब्यात देण्यात आला. दहा गुण कापले गेले आणि इतिहासात प्रथमच तो तिसऱ्या श्रेणीत गेला. नव्या हंगामाचा आरंभ आणखी पंधरा गुणांच्या दंडाने झाला.

या टप्प्यावर ऱ्हासाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न प्रत्यक्ष कायद्याच्या भाषेत उभा राहिला. इंग्लिश फुटबॉलच्या नियमांनुसार बुडालेल्या क्लबला लीगमध्ये राहायचे असेल, तर खेळाडू आणि इतर क्लब यांचे देणे पूर्ण फेडावे लागते. इतर सामान्य धनकोंना, म्हणजे त्या काळी करखात्याला आणि स्थानिक पुरवठादारांना, उरलेल्यातून पौंडामागे काही पेनी मिळाल्या तर मिळत. करखात्याने २००७ मध्ये लीड्सच्या परतफेडीच्या प्रस्तावाला आव्हान दिले. पंधरा गुणांच्या दंडाचे मूळ त्याच वादात होते. म्हणजे ज्यांचा निर्णयाशी कोणताच संबंध नव्हता त्यांच्याकडे तोट्याचा मोठा वाटा गेला. त्यानंतर बराच काळ क्लबची अंतिम मालकी परदेशस्थ न्यासांच्या आड राहिली. २०११ मध्ये ब्रिटिश संसदेच्या एका समितीने त्याबद्दल जाहीर नापसंती व्यक्त केली. १९१९ मध्ये वही दाखवण्यास नकार देणाऱ्या संचालकांची आठवण येथे अपरिहार्यपणे होते.

दोन्ही प्रसंगांतील फरकही नोंदवायला हवा. २००१ मध्ये वह्या लपवलेल्या नव्हत्या. शेअरबाजारातील कंपनी म्हणून क्लबचे ताळेबंद छापून प्रसिद्ध होत होते. संचालकांनी ते मंजूर केले, धनकोंनी ते वाचून कर्ज दिले, भागधारकांनी ते पाहिले आणि चढत्या यशाच्या काळात चाहत्यांनीही टाळ्या वाजवल्या. उघड्या वहीने संस्था वाचत नाही. वही वाचून नकार देण्याचा अधिकार कोणाकडे तरी असावा लागतो आणि तो वापरण्याची इच्छाही असावी लागते.

लीड्सला पहिल्या श्रेणीत परतायला सोळा वर्षे लागली. मार्सेलो बिएल्सा यांच्या मार्गदर्शनाखाली तो २०२० मध्ये प्रीमियर लीगमध्ये आला, २०२३ मध्ये पुन्हा खाली गेला आणि २०२५ मध्ये १०० गुणांसह दुसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून परत वर आला.

६

आता या इतिहासाच्या कथनांकडे वळता येईल. पहिला प्रकार वृत्तपत्रीय आख्यायिकेचा. रिड्सडेल यांच्यानंतरचे अध्यक्ष जॉन मॅकेन्झी यांनी खर्चाची झाडाझडती घेतली. तेव्हा माजी अध्यक्षांच्या दालनातील गोल्डफिशच्या टाकीवर महिन्याला २० पौंड खर्च होत असल्याचे बाहेर आले. ही टाकी पुढे अजरामर झाली. वर्षाकाठी २४० पौंड आणि ४ कोटी ९५ लाख पौंड यांची तुलना केली, तर या तपशिलाचे आर्थिक महत्त्व शून्य आहे. कथनात मात्र त्याने संपूर्ण कर्जव्यवहाराची जागा घेतली. भावी प्रेक्षकशुल्काचे तारण डोळ्यांपुढे उभे करता येत नाही. काचेच्या टाकीतले मासे येतात. अंशाने संपूर्णाचा बोध करून देणारी ही लक्षणा येथे बोधापेक्षा विस्मरणाचेच काम अधिक करते.

दुसरा प्रकार आत्मकथनाचा. ओ'लेअरी यांचे ‘लीड्स युनायटेड ऑन ट्रायल’ हे पुस्तक २००२ च्या आरंभी, ते पदावर असतानाच, प्रसिद्ध झाले. आपल्याच काही खेळाडूंवरील न्यायालयीन खटला नुकताच संपलेला असताना व्यवस्थापकाने असे पुस्तक काढावे, यावर क्लबच्या आत-बाहेर टीका झाली. येथे लेखन हे ऱ्हासाचे वर्णन न राहता ऱ्हासातील एक घटना बनले. रिड्सडेल यांचे ‘युनायटेड वी फॉल’ २००७ मध्ये आले. हे पदावरून गेलेल्या कारभाऱ्याचे निवेदन आहे. क्लबच्या उत्कर्षकाळाविषयी बोलताना रिड्सडेल यांनी वापरलेला ‘स्वप्न’ हा शब्द इंग्रजी क्रीडालेखनात त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेला. त्या शब्दाची मांडणी विचार करण्याजोगी आहे. स्वप्न सर्वांचे असते, म्हणून त्याचा दोष कोणा एकाचा राहत नाही. कर्जरोख्यावर मात्र स्वाक्षऱ्या मोजक्याच असतात.

तिसरा प्रकार कादंबरीचा. यॉर्कशरमध्ये जन्मलेले डेव्हिड पीस यांची ‘द डॅम्ड युनायटेड’ २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. क्लफ २००४ मध्येच निवर्तले होते. कादंबरीची रचना ४४ दिवसांवर बेतलेली आहे. लीड्समधील वर्तमान प्रथमपुरुषी निवेदनात, तर डर्बीचा भूतकाळ द्वितीयपुरुषी निवेदनात असे दोन प्रवाह तिच्यात एकमेकांत गुंफलेले आहेत. स्वतःशीच बोलणारा, पूर्वसुरीच्या सावलीने पछाडलेला, मद्य आणि अहंकार यांत गुरफटलेला नायक त्यातून उभा राहतो. शोकात्मिकेच्या चौकटीत ही निर्मिती अत्यंत प्रभावी आहे. परंतु चौकटीची अटही तीच आहे: पतनाचे बीज नायकाच्या अंतरंगात असले पाहिजे. त्यामुळे ज्यांनी नेमले आणि ज्यांनी काढले ते संचालक पार्श्वभूमीत जातात. क्लफ यांच्या कुटुंबीयांनी कादंबरीबद्दल नाराजी व्यक्त केली. जाइल्स यांनी कायदेशीर कारवाई केली आणि तडजोडीनंतर काही मजकूर पुढील आवृत्त्यांतून वगळण्यात आला. २००९ मधील चित्रपटाने ही कथा आणखी दूरवर नेली. आज १९७४ ची लोकस्मृती बरीचशी या कादंबरीने आणि चित्रपटाने घडवलेली आहे. इतिहासकाराला तिच्याशी सामना केल्याशिवाय मूळ निर्णयापर्यंत जाता येत नाही.

चौथे उदाहरण कवितेचे. लीड्समध्ये जन्मलेले टोनी हॅरिसन यांची ‘व्ही.’ ही दीर्घ कविता १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. १९८७ मध्ये दूरचित्रवाणीवर तिचे सादरीकरण झाले, तेव्हा तिच्यातील शिवराळ भाषेवरून मोठा वाद झाला. खाणकामगारांचा १९८४-८५ चा संप हा तिचा काळ, आणि क्लब दुसऱ्या श्रेणीत असलेली ती वर्षे. एलंड रोडच्या मैदानाकडे पाहणाऱ्या टेकडीवरील दफनभूमीत कवीच्या आईवडिलांची कबर आहे. सामना हरून परतणाऱ्या तरुणांनी तेथील दगडांवर रंगाने शिव्या लिहिल्या आहेत आणि आईवडिलांच्या दगडावर क्लबच्या नावातला ‘युनायटेड’ हा शब्द. शीर्षकातील अक्षर सामन्यांच्या वेळापत्रकात दोन संघांच्या मध्ये येते, म्हणजे ‘विरुद्ध’. कवितेत बेकार तरुणाचा आवाज कवीशी वाद घालतो आणि अखेर तो कवीचाच दुसरा आवाज असल्याचे उलगडते. टॉमस ग्रे यांच्या अठराव्या शतकातील प्रसिद्ध विलापिकेचा छंद हॅरिसन यांनी जाणीवपूर्वक घेतला आहे.

या कवितेत एकही अध्यक्ष, व्यवस्थापक किंवा संचालक नाही. नेतृत्वाच्या निर्णयांविषयी ती काही सांगत नाही. तरीही ऱ्हासाच्या इतिहासात तिला इतर कथनांहून वेगळे स्थान आहे. कारण निर्णयाची किंमत मोजणारा माणूस केवळ तिच्यातच बोलतो. कादंबरीत प्रेक्षक म्हणजे गर्जना आहे. ताळेबंदात तो पंचवीस वर्षांचे भावी शुल्क आहे. कवितेत त्याला आवाज आहे आणि तो ऐकायला सोपा नाही. ‘युनायटेड’ या शब्दाचे क्लबचे नाव आणि एकत्र येण्याची आस हे दोन्ही अर्थ तेथे एकाच दगडावर राहतात.

७

लीड्स युनायटेडच्या दोन उतरणी बाह्यतः परस्परविरोधी दिसतात. १९७४ चे मंडळ अधीर होते, तर २००१ चे मंडळ अतिविश्वासू होते. पहिल्याने ४४ दिवसांत निर्णय फिरवला. दुसऱ्याने इशारा मिळूनही फिरवला नाही. मराठीत ‘थांबणे’ या एकाच क्रियापदाचे दोन अर्थ आहेत: वाट पाहणे आणि पुढे जाणे बंद करणे. १९७४ च्या मंडळाला पहिल्या अर्थाने थांबता आले नाही, २००१ च्या मंडळाला दुसऱ्या अर्थाने. दोन्हींच्या मुळाशी एकच उणीव दिसते. संस्थेचा काळ आणि निर्णय घेणाऱ्यांचा काळ यांतील फरक ओळखला गेला नाही. संचालक काही वर्षांसाठी येतात. क्लब आधीच्या पिढीकडून आलेला असतो आणि पुढच्या पिढीला द्यायचा असतो. १९७४ मध्ये पुढच्या संघासाठी लागणारा अवधी नाकारला गेला. २००१ मध्ये पुढच्या प्रेक्षकांचे पैसे आधीच खर्च झाले.

ऱ्हासाची कथने एका माणसाकडे वळतात, याला केवळ वृत्तपत्रांचा उथळपणा कारण नाही. शोकात्मिका, आत्मकथन आणि आख्यायिका या तिन्ही प्रकारांची रचनाच व्यक्तीभोवती फिरते. मंडळाची बैठक, कर्जाची मुदत आणि एका गुणाने हुकलेली अट यांना नायक नसतो. म्हणून ही कथने बाजूला सारण्याचे कारण नाही. प्रत्येक कथन कोणाला बोलू देते आणि कोणाला अदृश्य करते, हे ताळेबंदाशी ताडून पाहणे हेच येथे तौलनिक अभ्यासाचे काम ठरते. क्लफ यांचे ४४ दिवस आणि रिड्सडेल यांचे मासे स्मरणात राहतील. सप्टेंबर २००१ चा कर्जव्यवहार आणि २००७ मधील पुरवठादारांची बुडीत बिले स्मरणात राहावीत, यासाठी मात्र इतिहासलेखनाची गरज आहे.